पंधरावा सभासद

"कोण गेलं?"

बाईंनी दार अर्धंच उघडलं होतं. एक पाय आत, एक उंबऱ्यावर.

"कोणी नाही. सहज आलोय," नृसिंहराव खिस्ती म्हणाले.

"सहज?"

बाईंना ते पटलं नाही. भिंगारमध्ये नृसिंहराव कुणाच्या दारात सहज उभे राहिल्याचं ऐकिवात नव्हतं. त्यांनी आत वळून "अहो" अशी हाक मारली आणि आतला टीव्ही लगेच बंद झाला.

"खरंच कोणी नाही हो. साहेबांना सभासद करून घ्यावं म्हटलं. सद्गती मंडळाचं."

बाईंचा हात मंगळसूत्राकडे गेला. "ते घरी नाहीत."

आतून साहेब खोकले.

"म्हणजे आहेत, पण त्यांना बीपीचा त्रास आहे," बाई म्हणाल्या. "आणि या वयात कशाला नाव लिहायचं? एकसष्टच तर आहेत."

"मी बत्तिसाव्या वर्षी लिहिलं. अजून आहे."

बाईंनी त्यांच्याकडे खालून वर असं पाहिलं, जणू याचीही खात्री करून घ्यायला हवी. मग विचार करून कळवतो म्हणाल्या. दार लागलं, कडी बसली, आणि टीव्ही पुन्हा सुरू झाला. पाण्याचं त्यांनी विचारलं नाही. नृसिंहरावांना त्याचं काही वाटलं नाही. चाळीस वर्षांत लोकांनी त्यांना कधी आपण होऊन चहा विचारल्याचं आठवत नव्हतं. ज्या घरात ते जात तिथे चूल पेटलेली नसायची, आणि जिथे चूल पेटलेली असायची तिथे त्यांना कोणी बोलावत नसे. लग्नाच्या पत्रिका यायच्या, पण कोणी हातात देत नसे, त्यांच्या दाराच्या फटीतून आत पडायच्या.

त्यांनी खिशातली वही काढून नावापुढे बारीक फुली मारली. लष्कराच्या स्टोअरमध्ये चौतीस वर्षं सिव्हिलियन क्लार्क म्हणून काढलेल्या माणसाची फुलीसुद्धा रेघेत बसते.

मंडळ त्यांनी आणि आणखी सहाजणांनी मिळून चौऱ्याऐंशी साली काढलं. कॅम्पात नोकरीला आलेल्या कुटुंबांचे भाऊबंद गावात नसायचे. माणूस गेलं की शेजारच्या दोघांना आणि हापिसातल्या दोघांना गोळा करताना दुपार व्हायची. म्हणून मंडळ. घटनेत लिहिलं की सभासद कधी पंधराच्या खाली गेले तर वार्षिक सभेने मंडळ विसर्जित करावं. पंधराच का, असं कोणी विचारलं तर नृसिंहराव बोटांवर मोजून सांगत: चार खांद्याला, चार बदलीला, दोन सामानाला, दोन पुढे घाटावर, एक दाखल्याच्या धावपळीला, एक घरी बायकांजवळ थांबायला, आणि एक हमखास न येणारा.

एके काळी चौसष्ट होते. आता तेरा होते, आणि त्यांतले हमखास न येणारे किती, ते सांगायची सोय नव्हती. वार्षिक सभा रविवारी संध्याकाळी पाचला. आज शुक्रवार.

तीन वर्षं अध्यक्षांनी, म्हणजे सुहास डावरे मास्तरांनी, आकड्याकडे डोळेझाक केली होती. या वर्षी ते सरळ म्हणाले होते, "नृसिंह, माझे गुडघे संपले. रविवारपर्यंत पंधरा करून दाखव, मी आणखी एक वर्ष खुर्चीत बसतो. नाहीतर घटनेप्रमाणे. घटना तूच टाइप केलीस."

लोक कमी का झाले, याचा हिशेब नृसिंहरावांच्या मनात पक्का होता. मेले म्हणून नव्हे. मेलेल्यांच्या जागा भरत असत. एकवीसच्या एप्रिलात गावातली माणसं रोज जात होती आणि कोणी कोणाकडे जायचं नव्हतं. पिशवीत बांधलेली माणसं गाडीतून जायची, चार अनोळखी पोरं त्यांना आत ठेवायची, आणि संध्याकाळी फोनवर अस्थी घ्यायला एक नंबर यायचा. इंदूताई, नृसिंहरावांच्या पत्नी, त्याच महिन्यात गेल्या. तोवर दोनशे अठ्ठ्याऐंशी माणसांना खांदा दिलेला हा माणूस दवाखान्याच्या फाटकाबाहेर रिक्षात बसून होता. तेव्हा गावाला एक गोष्ट कळली, आणि कळली ती कायमची: आपण गेलो नाही तरी मेलेलं माणूस जातंच. मंडळ तिथे मोडलं. बाकी नुसती औपचारिकता राहिली होती.

आता फोन येत, पण ते "पेटी पाठवा" असे. देणगीतून घेतलेली, मयत ठेवायची थंड पेटी लोकांना हवी असायची, पेटीबरोबर येणारी माणसं नको असायची.

दुपारी दीडला ते नाक्यावर जाऊन उभे राहिले. सुप्याच्या कंपनीची बस तिथे थांबते. रविराज पाठीला सॅक लावून उभाच होता. याच्या आजोबांना, रंगनाथांना, मंडळाने नेलं तेव्हा हा सातवीत होता.

"काका, कोण गेलं?"

"तू बसमध्ये बसण्याआधी एक नाव लिहून घ्यायचंय. तुझं."

रविराज हसला. "काका, आपलं कसंय, मयताला सुट्टी न्हाई मिळत. सख्खं असलं तरच, ते बी आधार कार्ड दाखवून. मी पैसे देतो ना. वर्षाचे एकदम घ्या."

"पैसे नकोत. खांदा पाहिजे."

"खांदा कंपनीला दिलाय." शेजारची दोन पोरं हसली. रविराजला मग थोडं वाईट वाटलं असावं. "असं करा, मला ग्रुपवर घ्या. मी ॲडमिन होतो. कोण गेलं की मेसेज टाकायचा, एका मिनिटात सगळ्या भिंगारला कळतंय."

"कळतं रे. आज कुणाला कळत नाही? येत नाहीत."

"गुरुवारी सुट्टी असती, तेव्हा असलं तर येईन."

"म्हणजे गुरुवारी मेलं पाहिजे."

"बस आली काका," रविराज म्हणाला आणि चढता चढता त्यांच्या हातातली वही घेऊन सही करून टाकली. चौदा. त्या सहीचा अर्थ नृसिंहरावांना माहीत होता. स्टोअरमध्ये असल्या मालाला 'लेजरवर आहे, रॅकवर नाही' असं म्हणत. तरी आकडा तो आकडा.

शनिवारी त्यांनी सात दारं केली. एका घरी पुढच्या महिन्यात लग्न होतं, तिथे त्यांना पायरीही चढू दिली नाही. यजमान स्वतःच रस्त्यावर आले आणि त्यांना कोपऱ्यापर्यंत बोलत बोलत सोडून गेले. एकाने विचारलं, "सभासदाला काय मिळतं?" नृसिंहरावांनी खरं उत्तर दिलं, "एकदाच मिळतं." तो माणूस विचारात पडला आणि विचारातच आत गेला.

दुपारी ते वेशीजवळच्या पिठाच्या गिरणीच्या फळीवर टेकले. गिरणी गोजरबाईची. नवरा गेल्यापासून ती एकटीच चालवते. माहेर तिसगावचं, आवाज पट्ट्यापेक्षा मोठा. तिच्या नवऱ्याचं नाव मंडळात होतं. सोळा साली मंडळानेच त्याला नेलं.

"पायताण झिजवून काय मिळालं का भाऊजी?" पट्टा थांबवत तिने विचारलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत पीठ.

"एक कमी आहे."

"मंग माझं लिव्हा की."

नृसिंहराव हसले. गोजरबाई हसली नाही.

"बायकांना घाटावर…" ते म्हणाले.

"घाटावर जायाला कोन म्हनतंय? मालकाच्या येळंला तुमी सगळे गेलात घेऊन. घरी एक मानूस ठिवला हुता बायांजवळ. त्यो दारात बसून मोबाईल बघत हुता. मला पानी सुदिक शेजारनीनं दिलं, ते बी तिसऱ्या परहरी. तुमच्या मंडळात मढ्याकडं बगायला चौदा, आन जित्यांकडं एक. त्यो बी असला."

नृसिंहरावांनी घटनेचा आधार घेतला. "घटनेत पुरुष सभासद असं आहे, वहिनी."

"वाचून दावा."

घटना पिशवीत होतीच. सुरतेला असलेला मुलगा, फोन न उचलणारी सून, हे सगळं गोजरबाई पट्ट्याला बोलावं तशी बोलत होती आणि नृसिंहराव कलम चार शोधत होते. कलम चारमध्ये लिहिलं होतं: भिंगार येथील कोणीही सज्ञान रहिवासी. त्यांनी पुन्हा वाचलं. मागे पाहिलं, पुढे पाहिलं. पुरुष हा शब्द कुठेच नव्हता. चाळीस वर्षं दाराच्या फटीत बायका उभ्या राहिल्या, आणि चाळीस वर्षं त्यांनी त्या सगळ्यांना एकच विचारलं, साहेब आहेत का? घटना त्यांनीच टाइप केली होती, तीन कार्बन घालून. नंतर कोणी वाचली नव्हती, त्यांनीही नाही.

"काय म्हनतीया?" गोजरबाईने विचारलं.

"घ्या, सही करा."

ती हात पुसून आली, तरी वहीवर पिठाचा अंगठा उमटला. सही तिने सावकाश केली, आडनावासकट. मग एकदम खालच्या आवाजात म्हणाली, "मी गेल्यावर याल ना पर? का मंडळ बिंडळ मोडून बसाल?"

"आधी मी जाईन, वहिनी. माझा नंबर वर आहे."

"मंग मी येईन," ती म्हणाली आणि पट्टा चालू केला.

त्या रात्री कित्येक महिन्यांनी नृसिंहरावांनी पोळ्या स्वतः लाटल्या. रोजचा डबा बंद ठेवला. मुलीचा, ज्ञानेश्वरीचा, बेंगळुरूहून फोन आला तेव्हा "पंधरा झाले गं" असं त्यांनी सांगितलं. ती म्हणाली, "अरे वा बाबा, औषधं घेताय ना वेळेवर?" फोन ठेवल्यावर ते वही घेऊन बसले. मंडळाची हजेरीवही वेगळी असते: वर गेलेल्याचं नाव, खाली आलेल्या सभासदांच्या सह्या. त्यांची सही तीनशे अकरा पानांवर होती. लोक म्हणायचे, खिस्ती एवढ्यांना गेलाय, त्याच्या वेळी रस्ता पुरणार नाही. त्यांनीही कधी काळी तसंच धरलं होतं. पण वही चाळताना स्टोअरच्या क्लार्कला जे पहिल्या वर्षी कळायला हवं ते त्यांना एकाहत्तराव्या वर्षी कळलं होतं: ज्यांच्याकडून येणं होतं ते सगळेच्या सगळे वरच्या ओळीत होते.

तरीपण पंधरा झाले होते. ते लवकर झोपले आणि झोपही लागली.

रविवारी सहाच्या सुमारास मच्छिंद्रचा फोन आला. हा टेम्पोवाला. पेटी हाच पोचवायचा, आणि येणाऱ्या सभासदांमधला हा एक.

"काका, छगननाना गेले. पहाटं पहाटं. झोपेतच."

छगनराव मंडळातले सगळ्यांत वडीलधारे, ब्याऐंशी वर्षांचे शिंपी. पहिल्या सहाजणांमधले उरलेले एकटे. नृसिंहरावांच्या तोंडून पहिला शब्द आला तो "चौदा."

"काय म्हन्ले?"

"काही नाही. आलोच."

फोन ठेवून ते मोरीत उभे राहिले. चाळीस वर्षांची ओळख. इंदूताईंच्या वेळी रिक्षात शेजारी येऊन बसलेला एकमेव माणूस, तोही मना केलेलं असताना. आणि आपल्या तोंडातून आकडा निघाला. त्यांनी तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं, आणि धोतरजोड्याची पिशवी घेऊन निघाले.

छगनरावांची गल्ली अरुंद. शववाहिनी तोंडाशीच उभी राहते, म्हणून घरापासून तिथवरची ऐंशी पावलं अजून खांद्यावरच जावं लागतं. मंडळाची लोखंडी तिरडी मच्छिंद्रने उतरवून ठेवली होती. सभासद आले सातजण. डावरे मास्तर गुडघ्याला पट्टा बांधून आले होते. रविराजचा ग्रुपवर हात जोडल्याचा मेसेज होता, आणि खाली 'सेकंड शिफ्ट' असं लिहिलेलं. पुण्याहून मुलगा विलास नऊला पोचला. पन्नाशीचा, गाडीतून उतरला तोच रडत उतरला.

गोजरबाई गिरणी बंद ठेवून आली ती कोणाला न विचारता थेट आत गेली. आत आधी रडण्याचा जो एकच उंच सूर होता, तो थोड्या वेळाने खाली आला. नृसिंहराव दारात तिरडीच्या दोऱ्या तपासत होते, त्यांना गोजरबाईचा आवाज ऐकू आला, "रातच्यापासून पोटात काय हाय का तुमच्या? न्हाई ना. हे दूध घ्या. घ्या म्हन्ते ना. नानांचं काय राहत न्हाई त्यानं." चाळीस वर्षांत मंडळाच्या कोणत्याही सभासदाने हे विचारलं नव्हतं.

ऐंशी पावलांत दोनदा खांदे बदलले. मास्तरांना कोणी पुढे होऊ देईना, तरी शेवटची दहा पावलं त्यांनी दांडीला नुसता हात लावला.

घाटावर सगळं झालं. नळावर पाय धुऊन माणसं सुटी सुटी निघाली. इथे नृसिंहरावांची खरी विद्या होती, आणि ती फक्त मास्तरांना ठाऊक होती. मंडळाचे चौसष्ट सभासद काही दारोदार फिरून झाले नव्हते. चिता पेटल्यापासून नाक्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत माणूस कशालाही हो म्हणतो. दारू सोडतो, भावाशी बोलायला लागतो, देहदान करतो. टपरीवर पहिला घोट पोटात गेला की ते उतरतं. म्हणून नृसिंहराव पावतीपुस्तक खिशात ठेवूनच घाटावर जायचे आणि नळापासून टपरीपर्यंतच्या रस्त्यात माणसाच्या बरोबरीने चालायचे. पुढे लोक आपापल्या गाड्या थेट घाटाच्या फाटकात लावायला लागले, तिथूनच चाव्या फिरवून निघून जायला लागले, आणि तो रस्ताच राहिला नाही.

आज विलासची गाडी गल्लीत अडकली होती. तो चालत होता, नृसिंहरावांच्या बरोबरीने.

"काका," त्याने त्यांचा हात धरला. "तुम्ही सगळे होतात म्हणून. आमच्या सोसायटीत समोरच्या फ्लॅटमधले गेले तर मला चौथ्या दिवशी कळलं. मला लाज वाटते काका. नानांच्या जागी माझं नाव घ्या. आत्ताच्या आत्ता."

नृसिंहरावांचा हात खिशाकडे गेला. पुस्तक होतं, पेन होतं. मागून येणाऱ्या मास्तरांनी ऐकलं असावं. ते खाकरले आणि हळूच म्हणाले, "घे की. इथलं घर अजून त्याच्याच नावावर आहे. रहिवासी धरता येईल."

मास्तरांनाही पंधरा हवे होते, हे नृसिंहरावांना तेव्हा कळलं.

विलास थांबला होता, डोळे लाल, सही करायला हात पुढे. टपरी पन्नास पावलांवर. नृसिंहरावांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांना रविराजची बसच्या पायरीवरची सही आठवली, पीठ लागलेली दुसरी सही आठवली, आणि रिक्षात बसलेले छगनराव आठवले. त्यांनी खिशातला हात तसाच बाहेर काढला.

"आधी चहा घे," ते म्हणाले. "रात्रीपासून काही नसेल पोटात. मग बोलू."

विलासने पहिला चहा घेतला, मग दुसरा. फोन वाजला. दाखल्याला किती दिवस लागतात ते त्याने विचारलं. दहावा इथे करावा की आळंदीला, यावर बोलला. घराला गिऱ्हाईक असेल तर सांगा, घाई नाही, असंही म्हणाला. सगळ्यांचे पैसे त्याने दिले. निघताना काहीतरी राहिल्यासारखं वळला.

"काका, ते सभासदाचं… ऑनलाइन काही असेल तर लिंक पाठवा."

"पाठवतो."

"येतो काका."

मयताहून परतताना कोणी येतो म्हणत नाही. कोणी त्याला सांगितलंही नाही.

तो दिसेनासा झाल्यावर मास्तरांनी ग्लास खाली ठेवला. "एका मिनिटाचं काम होतं, नृसिंह. सही घ्यायची."

"तो आला नसता."

"बाकीचे तरी कुठे येतात?"

"म्हणूनच."

मास्तरांनी गुडघा चोळला. मग म्हणाले, "पाचला परत कशाला जमायचं? आहेत ते सगळे इथेच आहेत." ठराव टपरीच्या बाकावरच लिहिला गेला. नृसिंहरावांनीच लिहिला, अक्षर त्यांचंच चांगलं. सभासदसंख्या चौदा झाल्याने घटनेप्रमाणे मंडळ विसर्जित. थंड पेटी दवाखान्याला द्यावी. सातही जणांनी सह्या केल्या. मच्छिंद्रने सर्वांत शेवटी.

"अन् तिरडी?" त्याने विचारलं. "दवाखाना न्हाई घ्यायचा. त्यांच्याकडं चाकाची हाय. भंगारात…"

"माझ्याकडे राहू दे," नृसिंहराव म्हणाले.

"घरात ठेवणार?" मास्तर म्हणाले.

"आता घरात कोणाला भीती वाटायचीय?"

मच्छिंद्रने तिरडी टेम्पोत चढवली. तो पुढे बसा म्हणत असतानाही नृसिंहराव मागेच बसले. मोकळी सोडली तर प्रत्येक खड्ड्याला आपटली असती. टेम्पो सुरू करता करता मच्छिंद्र खिडकीतून म्हणाला, "गोजरबाईला सांगावं लागंल, मंडळ मोडलं म्हणून. कालच सही केली तिनं."

"मी सांगेन कधीतरी. आत्ता ती नानांच्या घरी बसलीय. बसू दे."

रविवारची दुपार, बाजार भरात होता. टेम्पो हळू चालला. टेम्पोच्या बाजूच्या फाळक्यामुळे आत काय आहे ते रस्त्यावरून दिसत नव्हतं. लोखंडी दांड्यांची टोकं तेवढी वर आली होती, आणि शेजारी ओल्या धोतरातला एक म्हातारा दांडी धरून बसलेला. कापडाच्या दुकानातला माणूस गिऱ्हाईक सोडून उठला आणि त्याने हात जोडले. नृसिंहरावांना सांगायचं होतं, अहो, रिकामी आहे. पण तोंड उघडेपर्यंत दुकान मागे गेलं. पुढे भाजीवाल्या बायका थांबल्या. एका पोराला कडेवर घेतलेल्या माणसाने पोराचेही हात जोडून दिले. कोणीतरी मोटारसायकल बंद करून पाय टेकला.

चौथ्या-पाचव्या नमस्काराला नृसिंहरावांनी मान थोडी खाली घेतली, घरचा माणूस घेतो तशी. मग वेशीपर्यंत जेवढे हात जुळले तेवढे त्यांनी घेतले, एकही न चुकवता. दुसऱ्या हाताने दांडी घट्ट धरलेली होती.